विमलाबाईची मूठ

पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या पुढे सोलापूर रस्त्याला रोपवाटिकांची रांगच लागते. त्यातल्या संभाजीअण्णांच्या रोपवाटिकेत गिऱ्हाईक शिरलं की रोपाचा भाव नंतर, आधी एकच चौकशी, "मावशी आहेत का?" मावशी म्हणजे विमलाबाई. साठीला टेकलेली, अंगाने काडी, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट आणि कमरेला कापडी पिशवी. हिंजवडीची आयटीवाली मंडळी रविवारची झोप मोडून, गर्दीत दोन-दोन तास गाडी हाकत यायची आणि म्हणायची, "मावशी, तुमच्याच हाताने लावून द्या." का, तर विमलाबाईच्या हाताला गुण आहे, तिने लावलेलं मरत नाही. अण्णा गल्ल्यावरून शेरा मारायचे, "म्हणजे मी इथे रोपं मारायला बसलोय!"

खरं सांगायचं तर तो गुण अर्धा हातात होता आणि अर्धा त्या पिशवीत. पिशवीत साखर कारखान्याची कुजवलेली मळी, जुनं शेणखत आणि हाडांचा चुरा. हे मिश्रण दत्तोबाने, तिच्या नवऱ्याने, बसवलेलं. अण्णांनी ठरवून दिलेलं खत ती कुंडीत घालायचीच, पण गिऱ्हाइकाची पाठ वळली की वर आपली एक मूठ टाकायची. जास्वंद असो, मोगरा असो, चिकू असो, मूठ ठरलेली. कुणी पाहिलंच तर म्हणायची, "वाढताना मोजायचं नसतं, बाबा. उपाशी कुणी मोठं होतं व्हय?"

हे ती उगाच म्हणत नव्हती. वाशिमकडच्या एका गावात तिचं लहानपण गेलं ते दोन वेळचं पोट एका वेळेत कसं भागवायचं हे शिकण्यात. तीस वर्षांपूर्वी दत्तोबाबरोबर मांजरीत आली आणि ऊस बघून बाई चाटच पडली. काळी माती, पाटाला पाणी, टाकलेली काडीसुद्धा फुटते! तेव्हापासून तिला जगाचा एकच नियम पटला, की द्यावं आणि भरपूर द्यावं, मग सगळं जगतं. मूलबाळ झालं नाही. मग दत्तोबा, शेजारपाजारची पोरं, दारातली मांजरं आणि रोपवाटिकेतली हजारो रोपं यांना वाढण्यातच तिचा जन्म गेला. चुकलं कुठे ते तुम्हीच सांगा.

अण्णांची मुलगी कादंबरी शेतकी शिकली, मग दोन वर्षं ऑस्ट्रेलियात राहून आली. येताना डोक्यात एक खूळ घेऊन आली, त्याचं नाव बँक्सिया. तिकडचं फुलझुडूप. परवाने काढून, कागदपत्रं करून तिने बारा बिया मागवल्या आणि पत्र्याच्या शेडखाली, विटांच्या ओट्यावर कुंड्या मांडल्या. कुंडीत माती कसली, निव्वळ जाडी वाळू. विमलाबाईने बोटाने उकरून पाहिली आणि तिला कसंतरीच झालं.

"ताई, हे बांधकामाला आणलंय का झाडाला?"

कादंबरी हसली आणि तिने मोबाईलवर फोटो दाखवले. पांढरट वाळूचा माळ, नजर पोचेल तिथवर. त्यात करवतीच्या पात्यासारख्या पानांची गुडघ्या-कमरेएवढी झुडपं, आणि झुडपांवर फुलं म्हणजे उभी मक्याची कणसंच, पण केशरी, ताठ केसांची. पक्षी येऊन त्यातला मध पितात म्हणे.

"तिथली जमीन फार म्हातारी आहे, मावशी," कादंबरी सांगत होती. "लाखो वर्षांच्या पावसाने तिच्यातला सगळा कस धुऊन नेलाय. ही झुडपं त्यावरच जगतात. मुळांना बारीक केसांचे झुबके फुटतात आणि वाळूच्या कणाकणातून जे काही मिळेल ते ओरबाडून घेतात."

"आणि ही काळी काळी काय?"

"वणवा लागून गेलाय. वणवा लागला की झाड जळतं, पण त्याची बोंडं उघडतात. बी राखेत पडतं आणि पावसाबरोबर उगवतं. वणव्याशिवाय बोंड उघडतच नाही."

विमलाबाई फोटोकडे बघत राहिली. "खायला न्हाय, प्यायला न्हाय, आणि वर जाळायचं," ती म्हणाली. "म्हंजी सासरच की वं ताई हे."

"तसंच समजा. पण हिला तेच मानवतं. पाणी आठवड्यातून एकदा. आणि खत घालायचं नाही. कध्धीच नाही. तुमची ती मूठ मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगतेय."

विमलाबाईने मान डोलावली. मनात मात्र म्हणाली, रोपाला उपाशी ठेवायचं शिकायला एवढ्या लांब जावं लागतं, धन्य आहे बाई!

दोन पावसाळ्यांत अकरा रोपं गेली. पुण्याची दमट हवा, मुळं कुजली. कादंबरी एकेक कुंडी उलटी करून बघायची आणि वहीत लिहायची. बारावं तेवढं तगलं, आणि ते विमलाबाईच्या स्वाधीन होतं.

आता दत्तोबाचं सांगायला हवं. नको वाटतं, पण त्याच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

दत्तोबा त्याच रोपवाटिकेत राखणीला होता. दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा मांजरीहून बस धरून स्वारगेटला जायचं, तिथल्या एका दवाखान्यात चार तास यंत्रावर पडायचं आणि पुन्हा बसने परत यायचं. पहिल्याच दिवशी निशा नावाच्या सिस्टरने एक छापील कागद हातात ठेवला, काय खायचं नाही त्याचा. वाचूनही दाखवला. पण यादी केवढी लांब! ऐकता ऐकता विमलाबाईच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, की पाणी मोजून. दिवसाला दोन तांबे, वर थेंब नाही. कागद तिने देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवला. तिला वाचता येत नव्हतं आणि दत्तोबाचा चष्मा कधीचा फुटला होता.

जिने आयुष्यात वाढताना मोजलं नाही, तिने वर्षभर नवऱ्याला पाणी मोजून दिलं. तिच्या जिवाचं काय होत असेल? तो तांब्याकडे बघायचा आणि ती दुसरीकडे. भांडणं व्हायची. "वैरीण हाईस," तो म्हणायचा. ती पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन बसायची.

मे महिन्यातला रविवार होता. पत्रा तापून खोलीची भट्टी झालेली. दुपारपर्यंतच दोन्ही तांबे संपले आणि दत्तोबा गयावया करायला लागला. भांडणं ती सोसायची, गयावया तिच्याच्याने बघवेना. "विमल, एक घोट. हात जोडतो." त्याने खरंच हात जोडले. आणि तेव्हा रस्त्याने शहाळ्याची गाडी गेली.

शहाळं! तिच्या मनात लख्ख उजेड पडला. अरे, दवाखान्यात कुणालाही भेटायला जाताना माणसं काय नेतात? शहाळंच ना? आजाऱ्याचं औषधच ते. पाणी मोजायला सांगितलंय, शहाळं म्हणजे काही पाणी नव्हे. ती धावत गेली आणि दोन भरलेली, गोड मलईची शहाळी घेऊन आली. दत्तोबाने पहिलं एका दमात संपवलं. दुसरं सावकाश, डोळे मिटून प्याला. मग म्हणाला, "लई दिसांनी पोटभर प्यालो, विमल. तुझं भलं होवो." वर्षभरात तो तिच्याशी इतकं गोड बोलला नव्हता.

संध्याकाळी त्याच्या हातापायातलं बळ गेलं. छातीत काहीतरी गडबड झाली. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं, पण हडपसरच्या पलीकडे रिक्षा गेलीच नाही, जायचं कारण उरलं नाही. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "आज काही वेगळं खाल्लं-प्यायलं होतं?"

"न्हाय," विमलाबाई म्हणाली. "नेहमीचंच."

का म्हणाली? मोजून द्यायचं ते जास्त झालं, याची लाज वाटली म्हणून. एवढंच. पण एकदा तोंडातून गेलेलं 'न्हाय' परत घेता येईना. मग तिने ठरवलं, शहाळ्याने कुणी मरत नाही. आणि ते खरं की खोटं हे तीन वर्षांत एकाही माणसाला विचारलं नाही. कागद तसबिरीमागे होता तिथेच राहिला. झाडलोट करताना सगळी भिंत पुसायची, तेवढी तसबीर सोडून.

लोक अजून यायचे, "मावशींचा हात चांगला" म्हणायचे. तिच्या अंगावर काटा यायचा. मोगरा काय, जास्वंद काय, कुणीही खोचलं तरी जगतं, त्यात माझा हात कुठला? मग नजर जायची ती ओट्यावरच्या एकट्या कुंडीकडे. बारातलं एक. कुणाच्याच हाताला न येणारी जात. आणि हळूहळू तिच्या मनाने घेतलं, की ही जगली, हिला फूल आलं, तर माझा हात वाईट नाही. तर नवरा माझ्या हाताने गेला नाही. वेडगळपणा म्हणा हवं तर. बुडत्याला काडीचा आधार, आणि हे तर चांगलं कमरेएवढं झुडूप होतं. रोज सकाळी कामावर आली की आधी ती त्याच्यासमोर उभी राहायची. पानं कडक, हिरवी असली की मगच पाणी तोंडात घ्यायची.

गेल्या मार्गशीर्षात शेंड्याला कळी दिसली. अंगठ्याएवढी, लवेने मढलेली. कादंबरीने आनंदाने चक्क विमलाबाईला मिठी मारली. "मावशी, पुण्यात बँक्सिया! दोन-अडीच महिन्यांत उमलेल बघा!" अण्णासुद्धा उठून आले, चष्मा वर करून कळी बघितली आणि म्हणाले, "बरं आहे. जिवंत दिसतंय."

विमलाबाई त्या दिवशी घरी गेली ती हवेत तरंगतच. आणि घरी गेल्यावर तिच्या मनात आलं, की अगं, कळी धरली म्हणजे ती आता दोन जिवांची. आपल्यात दोन जिवांच्या बाईला कुणी उपाशी ठेवतं का? पाचव्या-सातव्या महिन्यात पाटावर बसवून, ओटी भरून, तिला जे जे आवडतं ते पुढ्यात मांडतात. उसालासुद्धा कांड्या धरताना भर देतात. ताईंनी खत नको म्हटलं ते रोप वितभर होतं तेव्हा. तान्ह्या लेकराला भाकरी देऊ नका म्हणतात, म्हणून काय ते गर्भार झाल्यावरही द्यायची नाही? ताईंचं लग्न नाही, मूल नाही, त्यांना कुठलं कळायला डोहाळे!

सोमवारी सकाळी, कुणी आलेलं नसताना, तिने पिशवीत हात घातला. एक मूठ. वाळूत बोटाने नीट मिसळली, वर तांब्याभर पाणी, आणि कुंडीला हळदीकुंकवाचं बोट लावून लगेच पुसलं. "खा बाई," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरी आलीस, लाजू नको."

दुसऱ्या सोमवारी दुसरी मूठ. तिसऱ्या सोमवारी तिसरी.

चौथ्या आठवड्यात खालच्या पानांच्या कडा पिवळ्या झाल्या. आता जगात कुठल्याही माळ्याला विचारा, पान पिवळं पडलं म्हणजे काय? भूक. तिने दोन मुठी घातल्या. पिवळं होतं ते तांबूस झालं, तांबूस होतं ते करपलं, जणू कुणी काडी ओढून कडेने जाळत नेलं. ती आणखी घालत राहिली. पाणीही वाढवलं.

कादंबरी हादरली. पानं तपासली, पाणी तपासलं, भिंग घेऊन कीड शोधली. मग वळून विचारलं, "मावशी, खत तर नाही ना घातलंत?"

"न्हाय."

तसंच निघालं तोंडातून. तोच आवाज, तोच शब्द. तिचं तिलाच ऐकू आलं. आता सांगावं, अजून वेळ आहे, असं तिला वाटलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की कुणाच्या हाताला न येणारं झाड माझ्या हाताने चाललंय? ती झारी उचलून मोगऱ्याकडे वळली. आणि दर सोमवारी महादेवाला बेल वाहायला लागली. महादेवाने काय करावं त्यात? त्याला तरी कुणी खरं सांगितलं होतं?

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी कळी गळून पडली. उमललीच नव्हती. कुंडीत तपकिरी काटक्या उरल्या.

कादंबरीने कुंडी उलटी केली आणि मुळं धुतली. झुबके काळे पडले होते. वाळू बोटांत घेऊन चोळली आणि वास घेतला. तिला कळलंच असणार. पण पोरगी भली, विमलाबाईकडे न बघता बोलली.

"तिकडच्या जमिनीत स्फुरद, म्हणजे खतातला फॉस्फरस, जवळजवळ नसतं, मावशी. म्हणून हिची मुळं हपापलेली. मिळेल ते घ्यायचं एवढंच तिला ठाऊक. पुरे म्हणता येत नाही तिला. आपण चमचाभर दिलं तर चमचाभर पिते, मूठभर दिलं तर मूठभर. दुसऱ्या झाडाला जे टॉनिक, ते हिच्या अंगात साठत जातं आणि हिला विष होतं. देणाऱ्याला वाटतं, किती आवडीने घेतेय."

शेवटचं वाक्य विमलाबाईच्या कानात राहिलं. डोळे मिटून, सावकाश. लई दिसांनी पोटभर.

ती तशीच वळली आणि फाटकातून बाहेर पडली. तिची खोली मागच्याच गल्लीत. अर्ध्या तासाने परत आली तेव्हा हातात एक कागद होता, घडीवर फाटलेला, उदबत्तीच्या काजळीने काळवंडलेला.

"ताई, एवढं वाचून दाखवा."

कादंबरीने हात पुसले आणि कागद उलगडला. "दत्तोबाकाकांचा आहे हा. अजून जपून ठेवलाय?"

"वाचा."

"मीठ, लोणचं, पापड... केळी, चिकू, मोसंबी... टोमॅटो, बटाटा... शेंगदाणे, सुकामेवा..." ती वाचत गेली. "आणि इथे खाली पेनने दोनदा रेघ मारलीय. शहाळ्याचं पाणी. अजिबात नाही."

"परत."

"शहाळ्याचं पाणी, अजिबात नाही. हृदय बंद पडू शकतं, असं लिहिलंय." कादंबरीने वर पाहिलं. "का हो, मावशी?"

निशा सिस्टरने रेघ मारली होती, एकदा नाही, दोनदा. एवढी वर्षं ती रेघ तसबिरीमागे होती आणि विमलाबाई त्याच तसबिरीसमोर हात जोडत होती.

"म्या घातलं," विमलाबाई म्हणाली. "म्या दिलं, ताई. विचारलं तवा न्हाय म्हणले. माझ्याच हातानं दिलं. मला वाटलं, तहान... मला वाटलं बरं वाटंल." आणि ती रडायला लागली. नवरा गेला त्या दिवशीही कुणी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

कादंबरी तिच्याजवळ बसली, पाठीवर हात ठेवला. तिने कागदाची नीट घडी केली आणि विमलाबाईच्या मुठीत परत दिली.

"जाऊ द्या, मावशी. मला कळलं होतं. चार वर्षं गेली माझी, वाईट तर वाटणारच. पण एवढं जिवाला लावून घेऊ नका." ती समजूत घालत म्हणाली, "झाडच होतं."

विमलाबाईकडे सांगायला आता दुसरं काही उरलं नव्हतं, आणि जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, फक्त सांगितलं होतं दत्तोबाचं आणि ऐकलं गेलं झाडाचं.

फाटकाशी गाडी थांबली. तरुण जोडपं, हिंजवडीहून आलेलं, नव्या घरासाठी अनंताचं रोप हवं होतं. अण्णांनी हाक मारली, "विमलाबाई, तुम्हालाच विचारतायत!" ती उठली, पदराने तोंड पुसलं आणि गेली. कुंडीत माती भरली, रोप बसवलं, कडेने दाबलं. पिशवी कमरेलाच होती, तिच्याकडे हात गेला आणि तसाच मागे आला.

"मावशी, जगेल ना?" पोरीने हसत विचारलं. "सगळे म्हणतात तुमचा हात लागला की जगतं."

"मला काय ठावं, बाई," विमलाबाई म्हणाली, आणि कुंडी तिच्याकडे सरकवली, हात न लावता, पायाने.